सुभेदारकाकांच्या टाकीचा आवाज

सुभेदारकाका समोरच्याला बोलू देत नसत. दार उघडलं की पहिलं वाक्य त्यांचं, निरोप घेतानाचं शेवटचंही त्यांचंच. मधे आपण काही बोललोच तर ते आपल्या तोंडाकडे टक लावून बघत, मान हलवत, आणि आपलं वाक्य पुरतं संपायच्या आत गाडी भलतीकडे नेत. मी एकदा म्हटलं, "काका, आमच्याकडे दोन दिवस पाणी चढत नाहीये." ते म्हणाले, "अगदी बरोबर! आणि आमच्या वेळी तर राजौरीला बर्फ वितळवून चहा करायचो." मला वाटलं, फौजी माणूस, जिथं तिथं आपलीच बढाई. आमच्या लखनौच्या तेलीबागेतल्या त्या चार मजली इमारतीत सगळ्यांना तसंच वाटायचं. "सूबेदार साहब किसी की सुनते कहाँ हैं," असं लोक हसून म्हणत. ते किती शब्दशः खरं होतं, हे तेव्हा कुणाच्या मनातही आलं नाही.

ते मूळचे सातारा जिल्ह्यातले, खटावकडचे. उमर सगळी तोफखान्यात गेली. शेवटची नेमणूक लखनौ छावणीत होती. निवृत्त झाल्यावर गावी घरात भावांची गर्दी म्हणून इथंच फ्लॅट घेऊन राहिले. मी बँकेतल्या नोकरीमुळे नाशिकहून इकडे आले, आणि नेमका त्यांच्या समोरचा फ्लॅट आम्हांला भाड्यानं मिळाला. पहिल्याच दिवशी काकू, म्हणजे शालनकाकू, झाकलेल्या ताटात पिठलं-भाकरी घेऊन आल्या. मागून काका. "मराठी पाटी बघितली आणि हिला म्हटलं, चल, कुमक आली!" एवढं बोलून त्यांनी आमच्या भिंती, खिडक्या, कड्या तपासल्या, न विचारता दाराचा एक स्क्रू आवळून दिला आणि निघून गेले. मी आभार मानत राहिले ते पाठमोऱ्या माणसाला.

टीव्हीवरच्या बातम्या ते आवाज पूर्ण बंद करून बघत. खाली सरकणाऱ्या हिंदी ओळी वाचत. "नुसते ओरडतात मेले. वाचलं की पुरतं," असं म्हणत. मला ते फार शहाणपणाचं वाटलं होतं. मी घरी आमच्या यांनाही तसं करून बघायला सांगितलं. फोन वाजला की, म्हणजे फोन थरथरला आणि उजळला की, काका तो उचलून काकूंच्या हातात देत. "तुझाच असणार. मला कोण करतंय!" मराठी मंडळाच्या गणपतीत आरती संपून सगळे थांबले, तरी काकांच्या टाळ्या चालूच राहत. काकू हळूच त्यांच्या कोपराला स्पर्श करत, मग ते थांबत. लोक म्हणत, किती तल्लीन होतात! काकू मान खाली घालून प्रसादाचे द्रोण मांडू लागत.

निवृत्तीनंतर त्यांनी मासे पाळले. घरात शिरल्या शिरल्या समोरच्या भिंतीला ही लांबलचक काचेची टाकी, खाली लाकडी कपाट. आत झुलणारी हिरवी पानं, पांढरे-काळे एंजल आणि एक गोरा, गंभीर गुरामी. त्याला काका 'सीओ साहेब' म्हणत, पलटणीच्या कमांडिंग ऑफिसरला म्हणावं तसं. टाकीच्या कोपऱ्यात काळा उभा डबा होता. त्याच्या वरच्या काठाला कंगव्यासारखे दात. टाकीतलं पाणी त्या दातांवरून डब्यात सांडायचं, डब्यातल्या पाइपानं खाली कपाटातल्या दुसऱ्या टाकीत जायचं, तिथं स्वच्छ व्हायचं आणि पंप ते परत वर चढवायचा. ही सगळी व्यवस्था काका येणाऱ्या प्रत्येकाला उभं करून समजावून सांगत. "वरचं पाणी कधी स्थिर नाही, म्हणून कधी नासत नाही." आणि मग थोडं हळू, म्हणजे त्यांच्या मानानं हळू, "यांच्याशी बरं जमतं माझं. तोंड हलवतात, पण बोलत नाहीत."

ते समजावून सांगत असताना त्या डब्यातून जो आवाज यायचा तो मी आजही विसरलेले नाही. पाणी उंचावरून डब्यात पडायचं, त्याची एक सततची धार. मधूनच पाइप हवा ओढायचा, बशीतला चहा कुणी मोठ्यानं भुरकावा तसा. भुरका संपला की क्षणभर शांतता, की पुन्हा. आणि खाली कपाटात बुडबुड्यांचा खळखळाट. पाहुणे टाकीचं कौतुक करताना नकळत आवाज चढवून बोलत. मला वाटायचं, काकांना हा आवाज आवडत असेल. असतात माणसं, ज्यांना घरात कारंजं हवं असतं.

काकूंच्या डोळ्यांखाली काळं झालेलं मला दिसायचं. त्यांच्या झोपायच्या खोलीची भिंत आणि टाकीची भिंत एकच. "झोप येत नाही गं हल्ली. वय झालं," एवढंच त्या म्हणत. उन्हाळ्यात लाइट जायची, पंखे बंद पडायचे, सारी इमारत बाल्कनीत येऊन वीजखात्याच्या नावानं बोटं मोडायची. त्या वेळी काकू मात्र कुठं दिसत नसत. एका भर दुपारी लाइट गेलेली असताना मी वाटीभर साखर मागायला गेले, तर उकाड्यात, घामानं भिजलेल्या काकू दिवाणावर गाढ झोपलेल्या. पंप बंद होता. घर गप्प होतं. लाइट आली, टाकीनं एक मोठा घोट घेतला, आणि काकू दचकून उठून बसल्या. पदर सावरत म्हणाल्या, "साखर ना? देते हं." त्यांच्या चेहऱ्यावर चोरी पकडल्यासारखा भाव होता, तो बघून मला काही विचारवलं नाही.

खालच्या मजल्यावर रस्तोगीजी राहत. इंटर कॉलेजातून निवृत्त झालेले, अत्यंत अदबशीर गृहस्थ. लखनौमध्ये तक्रारसुद्धा पानदान पुढं करावं तशी करतात. रस्तोगीजी जिन्यात काकांना भेटले की म्हणत, "सूबेदार साहब, आपके यहाँ शायद कोई नल ढीला रह जाता है।" काका हात उंचावून म्हणत, "सब आपकी दुआ है!" रस्तोगीजी नमस्कार करून जिना उतरत. असे बरेच महिने गेले.

मग एका रविवारी सकाळी गच्चीवर इमारतीची सभा भरली. विषय होता पाण्याचा. वरची टाकी दुपारीच रिकामी पडत होती. पाणी जातं कुठं, यावर बरीच वादावादी झाल्यावर रस्तोगीजी उठले, घसा साफ केला आणि म्हणाले, "बुरा न मानिएगा, तीसरी मंज़िल पर सूबेदार साहब के यहाँ चौबीस घंटे पानी गिरता है। हम लोग सुनते रहते हैं।"

या वेळी काका त्यांच्या अगदी समोर बसलेले. तोंड नीट दिसत होतं, वाक्य पुरतं कळलं. ते ताडकन उठले. पाणी वाया घालवण्याचा आरोप आणि तोही त्यांच्यावर! दाढी करताना मगमधे पाणी घेणारा माणूस तो.

"मेरे घर में?" ते गरजले. "एक बूँद नहीं टपकती! चलिए, सब लोग चलिए। अभी देख लीजिए।"

"अरे नहीं साहब, उसकी क्या ज़रूरत..."

पण काका जिना उतरायलाही लागले होते. त्यांच्यामागं दहा-बारा माणसं नाइलाजानं निघाली, त्यांत मीही. काकूंनी दार उघडलं. हातात कणीक लागलेली. काकांनी सगळ्यांना आत घेतलं, स्वयंपाकघरातले नळ दाखवले, न्हाणीघराचं दार उघडून दाखवलं, आणि मग बाहेरच्या खोलीत मधोमध, टाकीच्या बाजूलाच, छाती पुढं काढून उभे राहिले.

"अब बताइए। कहाँ है आवाज़?"

टाकी भुरकत होती. धार पडत होती. खालच्या कपाटात खळखळ चाललेली. ती खोली त्या आवाजानं भरून गेलेली, आणि त्या आवाजापासून हातभर अंतरावर उभा राहून तो माणूस विचारत होता, आवाज कुठं आहे.

एकानं टाकीकडे बघितलं आणि चटकन नजर वळवली. रस्तोगीजी आपल्या चपलांकडे बघू लागले. मला माझे हात कुठं ठेवावे कळेना. एखाद्याचे कपडे सुटलेले असावेत आणि त्यालाच ठाऊक नसावं, तसं काहीतरी आम्ही सगळे मिळून बघत होतो.

काकांनी एकेक चेहरा वाचला. त्यात ते तरबेज होते, सारं आयुष्य त्यावरच काढलेलं. पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर विजय होता. मग गोंधळ आला. मग त्यांनी काकूंकडे बघितलं.

काकू मराठीत म्हणाल्या, सावकाश, ओठ स्पष्ट हलवत, "अहो, येतोय आवाज. टाकीचा."

"कधीपासून?"

"आणली तेव्हापासून."

काकांनी मान वळवून टाकीकडे पाहिलं. 'सीओ साहेब' काचेपाशी येऊन तोंड हलवत होता. काकांचे कान लाल झाले, मग मान, मग सगळा चेहरा. रस्तोगीजींना फार वाईट वाटलं. "अरे साहब, बहुत सुकून की आवाज़ है, झरने जैसी," असं काहीबाही ते बोलू लागले, पण काका त्यांच्याकडे बघतच नव्हते, त्यामुळे ते शब्द वायाच गेले. मंडळी एकेक करून निघून गेली. पाण्याची गळती पुढे गच्चीवरच्या टाकीच्या फ्लोटमध्ये सापडली, पण तिकडे कुणाचं लक्ष राहिलं नव्हतं.

त्यानंतर काका घराबाहेर पडेनात. सकाळचं फिरणं बंद. पंप त्यांनी बंदच करून टाकला असता, पण तो बंद राहिला तर पाणी बिघडून मासे मरतील, म्हणून तेही करता येईना. आपल्या पापाचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही आणि तो थांबवताही येत नाही, अशी त्यांची अवस्था झाली. दुकानातला माणूस येऊन बघून गेला. "अंकल, पानी है, आवाज़ तो करेगा ही," म्हणाला. काकांनी त्याचे ओठ नीट वाचले आणि त्याला दारापर्यंत पोचवलं.

एका संध्याकाळी बँकेतून आले तर काका आमच्या दारात उभे. पहिल्यांदाच ते गप्प होते. मग म्हणाले, "पोरी, एक काम होतं. मोठं नाही." पुढचं वाक्य त्यांना जड गेलं. "मला त्या टाकीचा आवाज बंद करायचाय. पण तो कसा आहे हेच मला ठाऊक नाही. तू ऐकून सांगशील?"

मी त्यांच्याबरोबर गेले. त्यांनी कपाटाची दारं उघडली, टाकीवरचं झाकण काढलं, स्टूल ठेवलं. "रिपोर्ट दे," म्हणाले. मी आवाजाचं वर्णन करायला लागले आणि लक्षात आलं की आवाज सांगता येत नाही. "धो-धो" म्हटलं तर त्यांना काय कळणार? शेवटी त्यांनीच उपाय काढला. माझ्या समोर स्टुलावर बसले आणि म्हणाले, "करून दाखव. मी तोंडाकडे बघतो." त्या संध्याकाळी मी त्या गृहस्थासमोर पाइपाचा भुरका काढून दाखवला. गाल आत ओढून, ओठांचा चंबू करून. एरवी हसून लोळण घेतली असती आम्ही दोघांनी. ते हसले नाहीत. त्यांनी अगदी बारकाईनं बघितलं आणि विचारलं, "हे रात्रभर?"

"हो, काका."

"हिच्या उशाशी?"

मी मान हलवली. ते उठून कपाटात डोकं घालून बसले. बराच वेळ डोकं बाहेर काढलं नाही.

पुढचे काही आठवडे संध्याकाळी मी त्यांचे कान झाले. खालचा खळखळाट सगळ्यांत आधी गेला. पाइपाचं टोक खालच्या पाण्याच्या वर लोंबत होतं, ते त्यांनी पाण्याच्या जेमतेम खाली बुडवलं. मग डब्यातली धार. डब्यात पाणी फार खाली राहत होतं, म्हणून वरचं पाणी उंचावरून पडत होतं. त्यांनी डब्यातला पाइप बदलून उंच बसवला. डब्यातलं पाणी वर चढलं, पडायचं अंतर चार बोटांवर आलं. धार थांबून नुसतं सळसळणं राहिलं. भुरका मात्र हटेना. पाइपाच्या तोंडाशी पाणी आणि हवा दोन्ही एकदम आत शिरायला बघत, त्याचा तो आवाज. काकांनी पाइपावर टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड बसवला, म्हणजे पाणी बाजूच्या तोंडानं, पाण्याखालूनच आत जाईल. वर टोपी घातली आणि टोपीला हवेसाठी बारीक भोक पाडलं. ते भोक फार बारीक झालं की डब्यात पाणी चढत जायचं आणि मग सगळं एकदम घळ्ळकन खेचलं जायचं, संडासाच्या टाकीसारखं. जरा मोठं झालं की पुन्हा भुरका. काकांनी कितीतरी टोप्या वाया घालवल्या. एक भोक, माझ्याकडे नजर. मी मान हलवायची. टोपी डस्टबिनमधे. दुसरी.

काकू या सगळ्यात एकच करत. दर वेळी स्वयंपाकघरातून येऊन म्हणत, "झाला की बंद. आता काहीच येत नाही."

एकदा काका त्यावर उसळले. हातातला ड्रिल खाली ठेवून म्हणाले, "तू नको सांगू. तू खोटं बोलतेस. इतके दिवस बोललीस."

मी उठायला लागले. काकूंनी हात धरून मला बसवलं. त्यांचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता, तेव्हाही चढला नाही. त्या काकांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या, ओठ दिसतील अशा.

"मी खोटं बोलले. पण सवय कुणी लावली? सरावाच्या गोळीबारानं कान गेले तेव्हा तुम्हीच आला होता सांगत. डॉक्टरला कळलं तर मेडिकल कॅटेगरी खाली जाईल, प्रमोशन जाईल. हे आपल्या दोघांतच राहू दे, म्हणालात. मी राहू दिलं. तुमच्या साहेबांच्या घरी जेवायला गेलो तर टेबलाखालून तुमचा पाय दाबून सांगत होते, आता हसा, आता मान हलवा. लेकीच्या लग्नात व्याह्यांपासून लपवलं. मग टाकी आली. आवाज होतोय असं सांगायचं म्हणजे तुम्हांला ऐकू येत नाही हे तुमच्या तोंडावर म्हणायचं. तुम्ही स्वतःशीसुद्धा कधी म्हणाला नाहीत, मी कसं म्हणू?"

काका बोलत राहिले की समोरच्याचं ऐकावं लागत नसे, ती त्यांची ढाल होती. त्या दिवशी ती त्यांनी उचललीच नाही. काकू आत गेल्यावर ते मला म्हणाले, "माझी लाज हिनं सांभाळली. मला वाटत राहिलं, मी सांभाळतोय."

त्यानंतर त्यांनी माझ्या कानांवरही पूर्ण भरवसा टाकणं सोडलं. पाइपावर तळहात ठेवून, डोळे मिटून बसत. भुरका यायचा तेव्हा पाइप हलकासा थरथरायचा, हे त्यांना सापडलं होतं. टोपीचं भोक कानशीनं केसभर वाढवायचं आणि पुन्हा हात ठेवायचा. एका शनिवारी दुपारी मी गेले तेव्हा ते तसेच बसलेले. काकू दिवाणावर मेथी निवडत होत्या. काकांनी डोळे उघडले, मला पाइपावर हात ठेवायला लावला. काही नाही. गार, गप्प पाइप. मी कान दिला. पंप चालू होता, झाडं हलत होती, मासे फिरत होते, पाणी डब्याच्या दातांवरून सांडत होतं, आणि खोलीत काही ऐकू येत नव्हतं. रस्त्यावरच्या ई-रिक्षाचा हॉर्न तेवढा आला.

मी अंगठा वर केला. काकांनी तो बघितलाच नाही. ते माझ्या मागं बघत होते. काकूंच्या मांडीवर मेथीची जुडी तशीच, एक काडी बोटांत धरलेली, मान भिंतीला टेकलेली. त्या झोपल्या होत्या.

काकांचा चेहरा तेव्हा बघवत नव्हता, इतका तो उघडा झाला होता. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं, माझ्याकडे वाकले आणि कुजबुजले, "झोपली!"

ते कुजबुजणं आहे असं त्यांना वाटलं तेवढंच. खरं तर ते कवायतीच्या मैदानावर पोचलं असतं. काकू खडबडून जाग्या झाल्या, मेथी खाली सांडली. "काय झालं? काय झालं?"

काका जागच्या जागी थिजले. कितीतरी वर्षांत त्यांनी आपला आवाज ऐकलाच नव्हता, तो किती मोठा आहे हे आज पहिल्यांदा बायकोच्या दचकलेल्या डोळ्यांत बघितलं. खाली बसून मेथीच्या काड्या गोळा करू लागले. काकू "राहू द्या हो," म्हणत होत्या. ते न बघता म्हणाले, "टाकी गप्प केली. आता मी राहिलो."

सोमवारी ते सैनिकांच्या दवाखान्यात गेले. काकूंनी मला बरोबर यायला सांगितलं, म्हणून मी अर्धा दिवस रजा टाकली. खिडकीशी तरणाबांड हवालदार बसला होता. काकांचा जुना हुद्दा बघून उभा राहिला. "जय हिंद साहब! क्या तकलीफ़ है?" मागं जवानांची रांग. काकू पुढं होऊन सांगायला लागल्या, काकांनी हातानं त्यांना थांबवलं. त्यांचा हात खिडकीच्या फळीवर घट्ट दाबलेला होता.

"मुझे सुनाई नहीं देता," ते म्हणाले. आणि त्यांना स्वतःचा आवाज कळत नसल्यामुळे ते वाक्य सगळ्या व्हरांड्याला ऐकू गेलं. काका मान ताठ ठेवून उभे राहिले, पण मागून मला त्यांचे लाल झालेले कान दिसत होते. काकूंनी पदराचं टोक तोंडाशी नेलं. इतक्या वर्षांचं ओझं त्यांनी असं भर रांगेत उतरवलं जाताना पाहिलं, आणि त्या रडतायत की सुटल्यासारखा श्वास घेतायत, हे मला कळेना.

यंत्रं मिळायला दोन महिने गेले. ती कानांत घालून काका घरी आले त्या दिवशी आम्ही सगळे त्यांच्याकडे जमलो, रस्तोगीजीसुद्धा रेवड्या घेऊन आले. काका पंख्याच्या आवाजानं दचकले, स्टीलच्या पेल्यानं दचकले. काकू बोलल्या तेव्हा त्यांच्याकडे वळून म्हणाले, "तुझा आवाज जरा बसलाय का गं?" काकू म्हणाल्या, "तो केव्हाच बसला."

मंडळी गेल्यावर काका टाकीपाशी गेले. कान जवळ नेला. काही नाही. त्यांनी झाकण उचललं, डब्यात हात घातला आणि टोपीसकट तो टी उपटून बाहेर काढला.

डब्यातलं पाणी खाली गेलं आणि टाकी भुरकायला लागली. पहिल्यासारखी, तशीच, मोठ्यानं. काका एक पाऊल मागं सरले. मग खुर्ची ओढून टाकीसमोर बसले, हात गुडघ्यांवर, सरळ पाठीनं. ऐकत राहिले. भुरका, शांतता, भुरका. प्रत्येक भुरक्याला त्यांच्या खांद्यांना बारीक झटका बसत होता.

काकू दारात आल्या. "पुरे झालं. बसवा ते परत."

"थांब थोडं."

"कशाला जिवाला लावून घेताय?"

"तू ऐकलंस तेवढं तर ऐकू दे."

काकू त्यांच्या शेजारी येऊन बसल्या. मी माझ्या घरी आले आणि दार लावून घेतलं. तिथं तिसऱ्या माणसाची जागा नव्हती. लावलेल्या दारातूनही तो आवाज बराच वेळ येत होता. मग थांबला.

पुढच्या हिवाळ्यात ते साताऱ्याला लेकीजवळ राहायला गेले. टाकी रस्तोगीजींनी नेली. काकांनी चार दिवस खाली जाऊन तिची मांडणी करून दिली, आणि त्या चार दिवसांत त्या दोघांनी एकमेकांशी इतक्या गप्पा मारल्या की रस्तोगीजींच्या घरून चहाच्या कपांचा हिशोब सुटला. निघताना चारबाग स्टेशनवर काका फार बोलले नाहीत. मी बोलत होते, ते ऐकत होते. मला त्याची सवय नव्हती, त्यामुळे मीच अडखळत होते.

परवा काकूंचा फोन आला होता. इकडच्या तिकडच्या चौकश्या झाल्यावर मी विचारलं, "झोप लागते का आता?"

"मला लागते गं. ह्यांनाच लागत नाही. रात्री मागल्या आळीतली कुत्री भुंकतात, मळ्यातली मोटर चालू होते, त्यांना सगळं ऐकू येतं. म्हटलं, ती यंत्रं काढून ठेवा की उशाशी. डॉक्टरांनीही तेच सांगितलंय. ऐकत नाहीत."

"का?"

"म्हणतात, राहू दे. तू रात्री हाक मारलीस तर?"